गाडी वाजते, पण कधी? : वाचकांचे प्रश्न

सेकंड हँड गाडी घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत या खेपेला एकच तक्रार आहे: इंजिनातून आवाज येतो. आवाजाला नावं मात्र बारा गावची. खडखड, टकटक, कुरकुर, ‘डब्यात खिळे हलवल्यासारखा’, ‘जात्यात खडा अडकल्यासारखा’. नाव चुकलं तरी बिघडत नाही, कारण कागदावरच्या शब्दावरून आवाज ओळखणं आम्हालाही जमत नाही. वेळेवरून जमतं. इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढाला? रेस देताना की सोडताना? क्लच दाबल्यावर किंवा एसी बंद केल्यावर फरक पडतो का? ज्यांनी हे लिहिलं, त्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : २०१४ ची डिझेल सेडान घेतली. १.३ लिटर, १,४२,००० किलोमीटर झालेली. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडते, मग गप्प. दिवसभर पुन्हा आवाज नाही. एजंट म्हणतो, डिझेल आहे, वाजणारच. काळजी करावी का? (एक वाचक, कराड)

करावी. पण लगेच इंजिन खोलायला देऊ नका.

त्या काळातल्या १.३ लिटर डिझेल सेडानमध्ये बहुधा फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन असतं. मारुती, टाटा आणि फियाट, तिघांच्याही गाड्यांत ते बसत होतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला त्याला टायमिंगचा पट्टा नाही, चेन आहे, आणि ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि टेन्शनरचा दट्ट्या सैल पडतो. सकाळी पंप दाब तयार करेपर्यंत चेन गाइडवर आपटते. ती तुमची खडखड. एखादा सेकंद सोडून द्यावा. तीन सेकंद म्हणजे लक्ष ठेवायची वेळ. पाचाच्या पुढे गेला, किंवा गरम इंजिनात आयडलिंगलाही ऐकू येऊ लागला, की चेन लांबली असं धरून चाला.

चेन लांबते म्हणजे लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात, आणि सगळ्या कड्यांची केसाएवढी झीज एकत्र झाली की लांबी वाढते. डिझेल इंजिनाच्या ऑइलमधली काजळी इथे पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून १०,००० ला बदलायचं ऑइल २०,००० ला बदलत आलेल्या गाडीची चेन आधी बोलते. मागच्या मालकाकडे ऑइलची बिलं असतील तर ती मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची आहेत.

तपासणी अशी करा. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी बॉनेट उघडून घरातल्या कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर, म्हणजे फॅन बेल्टच्या बाजूच्या झाकणावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, काहीही पट्ट्याजवळ लोंबता कामा नये. वेळ फक्त तीन सेकंद मिळते, म्हणून दुसऱ्या दिवशी हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर ऐका, तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या बाजूला. कव्हरवर सर्वात मोठा आवाज आला तर चेनच. शेजारी मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवला की सेकंद मोजायला सोपं जातं.

त्यानंतर आधी ऑइल आणि फिल्टर बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड घाला, बहुधा ५डब्ल्यू-३०. तीन लिटरच्या आसपास लागतं. दोन लिटर घालून डिपस्टिक बघायला सुरुवात करा आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाकू’ हा सल्ला इथे उलटा पडतो. २०डब्ल्यू-५० सारखं ऑइल थंडीत टेन्शनरपर्यंत पोचायलाच उशीर करतं, आणि गरम झाल्यावर बाकीचे आवाज झाकून टाकतं. नवं ऑइल घालून आठवडाभर रोज सकाळी सेकंद मोजा. तिनाचा एक झाला तर दोष ऑइल-फिल्टरचा होता. फरक पडला नाही तर चेन किट.

किट म्हणजे चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दोन्ही गिअर आणि पुढचं ऑइल सील. फक्त टेन्शनर बदलून आवाज थांबतो, पण लांबलेली चेन तशीच राहते आणि काही महिन्यांत तीच खडखड परत येते. तोवर नवा टेन्शनर आपला दट्ट्या पार टोकापर्यंत काढून बसलेला असतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर धरून टायमिंग लॉक करायची हत्यारं आहेत का, हे कामाआधी विचारा. ‘खुणा करून बसवतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. एखादा दात चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात. चेन बसवल्यावर क्रँक हाताने पान्याने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून लॉक पुन्हा बसतो का ते बघितलं पाहिजे, स्टार्टर त्यानंतर.

तोवर एक पथ्य. चढावर तोंड करून गाडी नुसत्या पहिल्या गिअरवर उभी करू नका. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं, चेनचा ताण भलत्या बाजूला जातो, आणि झिजलेली चेन अशा वेळी दात सोडू शकते. हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर येते. क्लच दाबला की बंद होते. इंजिनाचं काम निघालं का? (विटा)

इंजिनाचं नाही. क्लच वर असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत असतो, क्लच दाबला की तो थांबतो. आवाजही थांबला, म्हणजे त्या शाफ्टचं बेरिंग. आधी गिअर ऑइलची पातळी बघा. अनेक गाड्यांत बाजूला भरायचा बोल्ट असतो आणि ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत असावं लागतं. काढलेल्या ऑइलमध्ये चांदीची राखाडी झाक असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असता तर रिलीज बेरिंग गेलं असतं. तेव्हा गिअरबॉक्स उतरतोच, म्हणून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही त्याच वेळी बघून घेतात.

प्रश्न : २०१८ ची एमएच-१० (सांगली पासिंग) पेट्रोल हॅचबॅक बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. इंजिन चालतं, पण चारातला एक ठोका मऊ वाटतो, आणि थंड-गरम दोन्हीत हलकी टकटक आहे. २०१९ किंवा २०२१ च्या पुरातली तर नसेल? (खरेदीआधी विचारणारा वाचक, विश्रामबाग, सांगली)

शंका रास्त आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा पाणी गावभाग आणि सांगलीवाडीच्या रस्त्यांत असतं, आणि तळमजल्यात किंवा पार्किंगमध्ये अडकलेल्या गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात राहतात. पण एमएच-१० म्हणजे पुराची आणि पुण्याची एमएच-१२ म्हणजे कोरडी, असं मानू नका. बुडालेली गाडी आपल्याच गावात कोण विकेल? ती दूर जाते, आणि दुसऱ्या शहरातली बुडालेली आपल्याकडे येते.

बुडालेल्या गाडीचं इंजिन पाण्यामुळे मरत नाही, पाण्यात स्टार्टर मारल्यामुळे मरतं. हिशोब करून बघा. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी. कॉम्प्रेशन १० ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३३ सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. डिझेलला, १७ ला १ धरून, जेमतेम २० सीसी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधी कधी तुटत नाही. इंजिन वाळवून, प्लग बदलून, ऑइल दोनदा बदलून गाडी चालू होते. मात्र वाकलेला रॉड आखूड झालेला असतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं आणि पिस्टन तिरका घासत टकटक करतो. तुम्ही लिहिलेला मऊ ठोका नेमका या चित्रात बसतो.

गाडी बघायला जाल तेव्हा सीट बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी अडेपर्यंत. वरचा हातभर भाग कुणीही धुतो. रीळाजवळचा शेवटचा वीतभर पट्टा सहसा कुणी धूत नाही. तिथे चहाच्या डागासारखी आडवी कड दिसली, किंवा विणीत बारीक गाळ बोटाला लागला, तर पुढचं बघायची गरज नाही. एवढ्यावर समाधान झालं नाही तर पुढच्या सीटखाली हात घालून सीटचे बोल्ट बघा. केबिनमधल्या बोल्टला गंज चढण्याचं दुसरं कारण क्वचितच असतं. डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जोडण्यांत हिरवट थर आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात ओल, दिव्यांच्या काचेआड गाळाची रेघ, आणि नव्याकोऱ्या कार्पेटबरोबर जुनी पेडल, यांतलं प्रत्येक लक्षण बोलतं. केबिनभर अत्तराची फवारणी असेल तर एसी बंद करून, काचा लावून दहा मिनिटं उन्हात बसा.

इंजिनासाठी दोन चाचण्या मागा. विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच. पहिली कॉम्प्रेशनची: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे पाच-सहा ठोके. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. १० ते १५ टक्क्यांच्या आत ठीक. एक सिलिंडर मागे असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग किंवा आखूड झालेला रॉड.

दुसरी चाचणी उंचीची. प्लगच्या भोकातून सरळ पातळ काडी पिस्टनवर टेकवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं. काडी सर्वात वर येते तिथे भोकाच्या काठाशी खूण करायची. काडी तीच, भोकात धरायचा कोन तोच, असं चारही सिलिंडरना करायचं. तीन खुणा एका जागी आणि चौथी मिलिमीटरभर खाली आली तर रॉड वाकलेला आहे. मेकॅनिककडे डायल गेज असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सापडतो. प्लगच्या भोकातून जाणारा छोटा कॅमेरा असेल तर आणखी बरं. त्या सिलिंडरच्या वरच्या काठाला काळ्या कार्बनचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद दिसतो, कारण पिस्टन तिथपर्यंत पोचतच नाही.

यातलं काही सापडलं तर भाव पाडून घ्यायचा मोह टाळा. रॉड बदलता येतो, पण पुरात भिजलेल्या वायरिंगचे आजार पुढे वर्षभर एकेक करून बाहेर पडतात.

प्रश्न : पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, कंपनीचंच किट. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की टिणटिण आवाज येतो. पाय उचलला की लगेच थांबतो. सपाटीला काही नाही. एका गॅरेजने टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सांगितले, दुसऱ्याने हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम). (वाई)

तिसरं गॅरेज शोधू नका. तोच घाट, तोच गिअर, तेवढाच पाय, पण सीएनजीवर चढून बघा. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न भडकण्याची क्षमता, ९० ते ९५ च्या घरात असतो, सीएनजीचा १२० च्या पुढे. सीएनजीवर आवाज गायब झाला तर इंजिनाचा कुठलाही भाग सैल नाही. पेट्रोल वेळेआधी, झटक्याने पेटतं आहे, एवढंच. गॅरेजमध्ये याला पिंगिंग म्हणतात. टॅपेट उभ्या गाडीतही वाजले असते, ते चढाची वाट बघत नाहीत.

सर्वात मोठं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: तिसरा गिअर आणि पूर्ण पाय. १,५०० आरपीएमला इंजिनावर सगळा भार टाकला की पेटण्याला जास्त वेळ मिळतो आणि उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ३,००० वर चढा. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पिस्टन वाचेल. पिंगिंग वर्षभर चालू दिलं तर रिंगांच्या मधली पिस्टनची कड तुटते, आणि मग दुसऱ्या गॅरेजचं म्हणणं खरं होतं.

गिअर बदलूनही राहिलं तर प्लग काढा. नंबर मॅन्युअलशी ताडून बघा, कारण जास्त गरम चालणारा प्लग स्वतःच ठिणगी होतो. तापमानाचा काटा घाटात वर सरकतो का बघा. नॉक सेन्सरचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळलेला हवा, बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास. सैल किंवा अति आवळलेला सेन्सर ठोका नीट ऐकत नाही आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं जात नाही. किट बाहेरून बसवलेलं असतं तर आणखी एक जागा बघावी लागली असती. अशा किटबरोबर ठिणगीचं टायमिंग पुढे करणारा वेगळा प्रोसेसर लावतात, आणि तो पेट्रोलवर असताना बंद होत नसेल तर हाच आवाज येतो.

सीएनजीवरही तसाच आवाज आला तर गाडीखाली बघा. सायलेन्सर थंड असताना त्यावरच्या पत्र्याच्या उष्णता-कवचावर लाकडी मुठीने हलके ठोका. बोल्टभोवतीचा पत्रा गंजून सुटलेला असतो. मोठी जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) गुंडाळून आवळली की काम झालं.

प्रश्न : माझ्या सीएनजी गाडीला ९०,००० झाले. मेकॅनिक टॅपेट तपासायला सांगतो. आवाज तर अजिबात नाही, मग कशाला? (सातारा, गोडोली)

आवाज नाही म्हणूनच. सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. त्यामुळे टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते. वाजणारा टॅपेट त्रास देतो, गप्प बसलेला नुकसान करतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापलेला वायू कडेने निसटतो आणि कड जळते. सकाळी एक सिलिंडर मिस मारणं ही त्याची पहिली खूण.

फट पूर्ण थंड इंजिनावर, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजायची. पाती किंचित अडत सरकली पाहिजे. अनेक पेट्रोल इंजिनांत इनटेकला ०.१५ ते ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ ते ०.३० मिलिमीटर असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. सीएनजी गाडीला दर २०,००० किलोमीटरला मोजणं आमच्या मते जास्त नाही. एक लक्षात असू द्या: रॉकरवर स्क्रू असेल तरच फट तिथल्या तिथे सेट होते. बकेट टॅपेटच्या (वाटीसारखे, स्क्रू नसलेले) इंजिनात कॅमशाफ्ट काढून वेगळ्या जाडीच्या बकेट बसवाव्या लागतात. अशा गाडीचे टॅपेट कुणी वीस मिनिटांत ‘सेट करून’ दिले, तर त्याने झाकण काढून परत लावलं आहे.

प्रश्न : उसाच्या सीझनमध्ये शेतरस्त्याने जाताना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला इंजिनाचं चेंबर घासलं. गळती नव्हती म्हणून सोडून दिलं. महिन्याभराने गरम इंजिनात २,००० आरपीएमच्या पुढे खोल ठकठक येऊ लागली, रेस सोडताना जास्त. आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो. मेकॅनिकने जाड ऑइल आणि वर एक बाटली घातली, आवाज निम्मा झाला. आता चालवायला हरकत नाही ना? (पलूस)

हरकत आहे. किल्ली काढून ठेवा आणि गाडी टोचन करूनच न्या.

चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटर वर ऑइल ओढणारी जाळी असते. तळ आत दबला की ती फट बुजते. गळती होत नाही, डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते, आणि पंपाला मात्र पुरेसं ऑइल मिळत नाही, विशेषतः वेगात. सर्वात आधी उपाशी राहतं ते कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. त्याचा ठोका खोल असतो, गरम झाल्यावर वाढतो, आणि रेस सोडताना, म्हणजे रॉडवरचा भार उलटा होताना, ठळक होतो. तुम्ही तिन्ही लक्षणं लिहिली आहेत. जाड ऑइलने झिजलेल्या फटीत जाड गादी बसली, म्हणून आवाज दबला. झीज चालूच आहे.

दिव्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच दाब अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. स्विच काढून त्या जागी साधं काट्याचं गेज लावायचं, इंजिन पंखा लागेपर्यंत गरम करायचं. आयडलिंगला एक बारच्या आसपास आणि ३,००० ला तीन बार किंवा वर हवा.  तुमच्या गाडीत दिवाच लुकलुकतो आहे, त्यामुळे गेजसाठी इंजिन चालवत बसण्यापेक्षा सरळ चेंबर उतरवा.

कुठला सिलिंडर, हे शोधायला पेट्रोल गाडीत एकेका इंजेक्टरचा प्लग काढून ऐकतात. ज्याचं इंधन तोडल्यावर ठोका मरतो तो रॉड. जुन्या पंपाच्या डिझेलमध्ये फिटर नोझलच्या पाइपचं नट सैल करायचे. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ती) हे कुणालाही करू देऊ नका. आत १,००० बारहून जास्त दाब असतो आणि ती धार कातडीत घुसते.

चेंबर खोलायच्या आधी फिल्टर उघडा. बेरिंग गेल्याचा पुरावा तिथेच अडकलेला असतो. डब्याच्या फिल्टरला हॅक्सॉ लावू नका, त्याचाच कीस आत पडतो. फिल्टर कापायचा कटर वापरा. आतला घडीचा कागद सुरीने कापून काढा, स्वच्छ फडक्यात घालून व्हाइसमध्ये पिळा, आणि पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात तिरका धरा. बारीक राखाडी धूळ चालू इंजिनात असतेच. पण नखाला लागणाऱ्या चपट्या चकत्या चमकल्या तर कागदाखालून चुंबक फिरवा. चुंबकाबरोबर सरकतं ते लोखंड. चमकतं पण सरकत नाही, रुपेरी किंवा तांबूस दिसतं, ते बेरिंग.

पुढचं काम क्रँकवर ठरतं. कॅप खोलून जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर बेरिंग बसतं त्यावरून, नख आडवं फिरवा. अडलं तर क्रँक ग्राइंडिंगला गेलाच पाहिजे. नाही अडलं तरी मायक्रोमीटरने चार दिशांनी मोजून घ्या, कारण ठोका खाल्लेला जर्नल डोळ्यांना गोल दिसतो आणि मापात लांबट निघतो. ग्राइंडिंग झालं तर ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ बेरिंग लागेल, गॅरेजच्या भाषेत ‘दहाचं’. लांबट जर्नलवर नवे बेरिंग शेल चढवून दिले तर आठवड्याभरात ठोका परत येतो, आणि त्याला नशीब जबाबदार नसतं. त्याच वेळी ऑइल पंप मोजून घ्या, जाळी बदला, ऑइलचे मार्ग धुऊन हवेने उडवा. चेंबर ठोकून सपाट करण्यापेक्षा नवं बसवा. आणि काम झाल्यावर पहिलं ऑइल ५०० ते १,००० किलोमीटरला काढा. घासल्याच्या दिवशीच चेंबर खोलून बघितलं असतं तर बहुधा पॅकिंग आणि दोन तासांची मजुरी यांत भागलं असतं, म्हणून बाकीच्यांसाठी लिहितो: सीझनमध्ये खालून दणका बसला की गळती नसली तरी तळाला पोचा आहे का ते बघून घ्या.

प्रश्न : पावसाळी सकाळी इंजिन चालू केल्यावर चींऽऽ चींऽऽ, पाच मिनिटांत बंद. एसी लावला की पुन्हा. (मिरज)

फॅन बेल्ट. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या नाळ्या असलेल्या बाजूवर बाटलीच्या झाकणातून थोडं पाणी शिंपडा, हात लांब ठेवून. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे किंवा टेन्शनर थकला आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, किंवा एखाद्या पुलीचं बेरिंग डुगडुगतं. मग इंजिन बंद करून पट्टा उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगली पुली गुळगुळीत, जवळजवळ आवाज न करता फिरते. खरखरली किंवा बाजूला हलली ती बदलायची. पट्ट्याशिवाय इंजिन चालवून ऐकायचं असेल तर अर्ध्या मिनिटात बंद करा, कारण अनेक गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असतो. पट्ट्याला लावायचा स्प्रे दुकानात मिळतो, तो घेऊ नका. त्यावर धूळ चिकटते आणि नाळ्या लवकर खातात.